पोट, मेंदू आणि माणसाचा स्वभाव



छांदोग्य उपनिषदात उद्दालक आणि त्याचा मुलगा श्वेतकेतू यांची एक कथा आहे. बापाने मुलाला सांगितले, पंधरा दिवस काही खाऊ नकोस, पाणी मात्र हवे तितके पी. त्यानंतर मुलगा समोर येऊन बसला. बाप म्हणाला, आता वेद म्हण. बारा वर्षे गुरुगृही राहून आलेल्या त्या पंडिताला एकही ऋचा आठवेना. मग बापाने त्याला जेवून यायला सांगितले आणि जेवून आल्यावर तो विचाराल ते सांगू लागला. मन हे अन्नाचेच बनलेले आहे, असे उद्दालकाला दाखवावयाचे होते. या कथेवर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. आम्ही विद्वान नव्हे. आम्हांला कथेतले आवडते ते इतकेच की, बापाने मुलाला विसराळू म्हणून दोष दिला नाही. त्याला आधी जेवायला पाठविले.

कामगार चळवळीतल्या माणसाने मेंदूवर बोलावे याचे कित्येकांना नवल वाटेल. परंतु आमच्या कामात माणसाच्या स्वभावाचा निवाडा रोज होत असतो. उद्धट, आळशी, हुज्जतखोर, कामात लक्ष नसलेला, हे आरोपपत्रांतले शब्द आम्हांला वाचून वाचून पाठ झाले आहेत. कामगाराच्या घरची माणसेही पुष्कळदा हेच शब्द वापरतात. या शब्दांच्या मागे शरीरात काय घडत असते, ते समजून घ्यावे म्हणून मिळतील ती पुस्तके आम्ही वाचीत आलो. त्यात जे पक्के वाटले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम मेंदूचा जमाखर्च पाहू. मोठ्या माणसाचा मेंदू साधारण १४०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे सगळ्या शरीराच्या पन्नासाव्या हिश्शाइतका. पण माणूस स्वस्थ पडून असला तरी शरीर जी शक्ती खर्च करते, तिचा पाचवा हिस्सा हा एकटा मेंदू घेतो. दिवसाला त्याला सुमारे १०० ते १२० ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे रक्तातली साखर, लागते. आणि गंमत अशी की, एवढा खर्च करणाऱ्या या गृहस्थाजवळ साठा म्हणून जवळजवळ काहीच नसतो. तो हातावर पोट असलेला आहे. रक्तातून घडीघडीला येईल त्यावर त्याचे चालते. त्याचे कोठार म्हणजे यकृत. जेवणानंतर यकृतात सुमारे शंभर ग्रॅम साखर दुसऱ्या रूपात साठते आणि रात्री आपण झोपलो असता त्यातूनच मेंदूचा शिधा जातो.

जेवणाची वेळ टळली आणि रक्तातली साखर उतरू लागली की, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींना मेंदूकडून निरोप जातो. त्यातून ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही द्रव्ये रक्तात उतरतात आणि यकृताला कोठार उघडावयास लावतात. निरोगी माणसाची साखर एखादे जेवण चुकल्याने धोक्याच्या पातळीला जात नाही. शरीर ती सावरून धरते. परंतु ती सावरणारी ही द्रव्ये कोणती, हे पाहण्यासारखे आहे. अंगावर कोणी धावून आले असता जी सुटतात, तीच ही. छाती धडधडणे, हाताला कंप सुटणे, घाम येणे, नजर चौकस आणि संशयी होणे हा सगळा त्यांचा प्रताप. भूक आणि भय दोघेही एकाच पहारेकऱ्याला हाक मारतात. उपाशी माणसाला एखादा वाकडा शब्द एरवीपेक्षा अधिक लागतो त्याचे कारण इथे आहे. पहारेकरी आधीच काठी घेऊन उभा असतो.

यावर कोणी म्हणेल, मग उपवासाने चित्त शांत होते म्हणतात ते काय? ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ या जातीचे उपवास आपण सोडून देऊ. खरा उपवास दोन-तीन दिवस चालला की शरीर चरबी जाळू लागते, यकृत तीतून कीटोन नावाची द्रव्ये तयार करते आणि मेंदू त्यांवर गुजराण करावयास शिकतो. दीर्घ उपवासात मेंदूचा मोठा खर्च या कीटोनांवर भागतो, असे जॉर्ज केहिल या अमेरिकन डॉक्टराने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली दाखविले. शिवाय स्वतः धरलेल्या उपवासाला शेवट असतो आणि तो आपल्या हाती असतो. आमचा प्रश्न उपवासाचा नाही. रोज थोडे खायला मिळते, पुरेसे कधीच मिळत नाही आणि हे कधी संपणार ते ठाऊक नाही, अशा अर्धपोटी जिण्याचा आहे.

त्याची परीक्षा एकदा मोठ्या काटेकोरपणे झालेली आहे. दुसरे महायुद्ध संपत आले असता युरोपातल्या उपाशी लोकांना पुन्हा अन्नावर कसे आणावे, हा प्रश्न पुढे आला. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने नोव्हेंबर १९४४ मध्ये ३६ तरुण निवडले. हे सारे शस्त्र धरण्यास विवेकबुद्धीने नकार दिलेले लोक. म्हणजे तत्त्वाचे, संयमाचे आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडावे म्हणून आपण होऊन पुढे आलेले. शरीराने व मनाने धडधाकट अशांचीच निवड केली होती. पहिले तीन महिने त्यांना दिवसाला सुमारे ३२०० उष्मांकांचे जेवण दिले. नंतरचे २४ आठवडे ते जवळजवळ निम्म्यावर, १५७० च्या आसपास आणले: बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी, तेही दिवसातून दोनदा. आठवड्याला २२ मैल चालणे आणि नेमून दिलेले काम चालूच होते. सहा महिन्यांत त्यांचे वजन सरासरी चौथ्या हिश्शाने उतरले.

वजन उतरणार हे कोणीही सांगितले असते. स्वभावाचे काय झाले ते ऐका. हसणे-खिदळणे थांबले. ज्यांची एकमेकांशी गाढ मैत्री ती माणसे एकमेकांवर डाफरू लागली. शेजारचा घास कसा चावतो, याचाही संताप येऊ लागला. जगाची, धर्माची, राजकारणाची चर्चा करणारे हे तरुण बोलत ते जेवणाविषयी, वाचीत ती पाककृतींची पुस्तके. ताट चाटून पुसून घ्यावयाचे, घास तासभर चघळावयाचा, कॉफी आणि च्युइंगम यांचा मारा करावयाचा. स्त्रियांविषयीचे आकर्षण मावळले. भर उन्हाळ्यात थंडी वाजे. काहींनी चोरून खाल्ले आणि मग ढसढसा रडले. एकाने लाकूड फोडताना आपली बोटे कुऱ्हाडीने तोडून घेतली. मुद्दाम की चुकून, ते त्याला स्वतःलाही नीट सांगता येईना. आणि तरी बुद्धीच्या ज्या परीक्षा घेतल्या त्यात फारसा फरक पडला नाही. विचार करण्याची शक्ती शाबूत होती. मन लावणे, उठून काही करावेसे वाटणे, दुसऱ्याचे सोसून घेणे, हे सारे ओसरले होते. ‘हुशार आहे, पण मन लावीत नाही’ हा शेरा मास्तरांनी आणि मुकादमांनी किती पोरांवर मारला असेल! जेवण वाढविल्यावर ही माणसे एकदम पूर्ववत झाली नाहीत. प्रथम प्रथम काही जण अधिकच चिडखोर व हुज्जतखोर झाले आणि पूर्ण सावरावयास महिनोगणती वेळ गेला. कीज व सहकाऱ्यांनी हे सारे १९५० मध्ये दोन जाड खंडांत प्रसिद्ध केले.

मिनेसोटात पोट रिकामे होते. पोट भरलेले असूनही मन बिघडू शकते, हे ज्या रोगाने शिकविले त्याची हकीगत गिरणी कामगारांचीच आहे. म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो.

पेलाग्रा हे त्याचे नाव. स्पेनमध्ये गास्पार कासाल या वैद्याने १७३५ मध्ये तो प्रथम ओळखला. नाव इटलीतले, अर्थ ‘खरखरीत कातडी’. उन्हात उघड्या राहणाऱ्या अंगावर, हातांवर, गळ्याभोवती कातडी भाजल्यासारखी होते, जुलाब लागतात आणि पुढे वेड लागते. पण वेडाच्या पुष्कळ आधी माणूस बदलू लागतो. झोप उडते, चिडचिड होते, उगाच धास्ती वाटते, काही लक्षात राहात नाही, कशात मन रमत नाही. कातडीवर चट्टा उठेपर्यंत याला रोग म्हणावयास कोणीच तयार नसते. तोवर तो स्वभाव.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात, कापसाच्या आणि कापडगिरण्यांच्या मुलखात, हा रोग हजारोंनी दिसू लागला. वेड्यांची इस्पितळे त्याच्या रोग्यांनी भरली. तो संसर्गजन्य असावा, असा बहुतेक डॉक्टरांचा समज होता. १९१४ मध्ये सरकारने जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टराची नेमणूक केली. हंगेरीतून लहानपणी अमेरिकेत आलेल्या गरीब ज्यू कुटुंबातला हा माणूस. वेड्यांची इस्पितळे आणि अनाथाश्रम हिंडताना एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली: रोग रोग्यांना होतो, अनाथ मुलांना होतो; त्यांच्यात दिवसरात्र वावरणाऱ्या परिचारिकांना व नोकरांना कधी होत नाही. संसर्ग हुद्दा पाहून होतो की काय? त्याने दोन अनाथाश्रमांत मुलांना दूध, अंडी, मांस, शेंगांचे दाणे द्यावयास लावले आणि पुढच्या वर्षी रोग तेथून जवळजवळ नाहीसा झाला. मग १९१५ मध्ये मिसिसिपीच्या एका तुरुंगात, माफीच्या बोलीवर तयार झालेल्या कैद्यांना त्याने मका, तांदूळ, मैदा, साखरेचा पाक असे जेवण महिनोन्महिने दिले. शेवटपर्यंत टिकलेल्या ११ जणांपैकी सहांना पेलाग्रा झाला. तरीही विरोधक ऐकेनात, तेव्हा त्याने, त्याच्या पत्नीने व सहकाऱ्यांनी रोग्यांचे रक्त टोचून घेतले. गोल्डबर्गर व सहकारी रोग्यांच्या कातडीचे पोपडे आणि मलमूत्रसुद्धा पिठाच्या गोळ्यांतून गिळले. कोणालाही काही झाले नाही.

आम्हांला त्याचे सर्वांत मोलाचे वाटते ते काम याच्या पुढचे. १९१६ पासून एडगर सिडनस्ट्रायकर या अर्थशास्त्रज्ञाला बरोबर घेऊन तो दक्षिण कॅरोलायनातल्या सात गिरणी-वस्त्यांत घरोघर फिरला. कोण काय खातो, कोणाचे उत्पन्न किती, अन्न कोठून विकत घेतात, सारे लिहून काढले. मक्याचे पीठ, डुकराची खारवलेली चरबी आणि काकवी हा त्या घरांतला नित्याचा आहार. उत्पन्न जितके कमी तितका रोग जास्त, हे आकड्यांनी उघड झाले. पण केवळ मजुरीनेही सगळे उलगडत नव्हते. मजुरी सारखीच असलेल्या वस्त्यांतही फरक होता. जिथे आसपासचे शेतकरी ताजे दूध, भाजी, मांस वर्षभर आणून विकीत, तिथे रोग नव्हता. जिथे चहूकडे दारापर्यंत कापूसच पेरलेला आणि खरेदी गिरणीच्या दुकानातूनच, तिथे तो ठाण मांडून होता. पुढे कापसाचा भाव कोसळला. तेव्हा १९२१ मध्ये रोग वाढेल असा इशारा देण्यात आला आणि राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी मदतीची भाषा केली. त्यावर दक्षिणेतले पुढारी खवळले. आमच्याकडे दुष्काळ आहे म्हणता? आमची बदनामी करता? मदत त्यांनी झिडकारली. आपल्या प्रांतात भूक आहे असे म्हटलेले कोणत्या पुढाऱ्याला आवडते!

गोल्डबर्गर १९२९ मध्ये वारला. नेमके कोणते द्रव्य कमी पडते, ते १९३७ मध्ये कॉनरॅड एल्वेजेम याने विस्कॉन्सिन विद्यापीठात शोधले. निकोटिनिक आम्ल ते. त्यालाच आज नायसिन म्हणतात. ते दिल्यावर भ्रमिष्ट झालेले रोगी काही दिवसांतच शुद्धीवर येऊन नातेवाइकांना ओळखू लागले. प्रत्येक पेशीला साखरेतून शक्ती काढून घेताना जी यंत्रणा लागते, तिचा एक भाग या नायसिनपासून बनतो. साखर आहे, चूल आहे, पण पेटवावयास काडी नाही, अशी नायसिनवाचून पेशीची गत होते. आणि मेंदूचा खर्च सर्वांत मोठा असल्यामुळे त्याची चूल लवकर विझू लागते. मक्यात हे द्रव्य अशा बंधनात असते की, ते आतड्यांना मिळत नाही. मेक्सिकोतले लोक फार प्राचीन काळापासून मका चुन्याच्या पाण्यात शिजवून घेतात, त्याने ते सुटे होते. जगाने मका उचलला आणि चुना तिथेच राहू दिला.

या रोगाचा आपल्या दख्खनशीही संबंध आहे. ज्वारीवर राहणाऱ्या गरीब शेतमजुरांत तो आढळे. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी त्याचा अभ्यास केला आणि ज्वारीतले ल्यूसिन नावाचे आम्ल नायसिनच्या आड येत असावे, असे १९६० मध्ये मांडले. ही उपपत्ती सर्वांनी मान्य केलेली नाही. ज्वारीला दोष देण्याचे तर कारणच नाही. भाकरीबरोबर डाळ, ताक, शेंगदाण्याची चटणी असली की काही बिघडत नाही. शेंगदाण्यात नायसिन भरपूर असते. बिघडते ते भाकरी आणि मिरची एवढ्यावरच वर्षे काढली म्हणजे.

रक्ताचा फिकेपणा हा असाच दुसरा चोर आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षांच्या शंभर स्त्रियांत ५७ जणी ॲनिमियाच्या निघाल्या. लोह कमी म्हणजे प्राणवायू कमी, म्हणजे थकवा, विसर, वैताग. घरात याला ‘हिला कशाचा उरकच नाही’ असे म्हणतात. जेवणाबरोबर चहा घेतला तर अन्नातले लोह अंगी लागण्यास अडथळा होतो, एवढे तरी बायाबापड्यांनी ध्यानात ठेवावे. चहा तासाभराने प्यावा.

आता ताण. हान्स सेल्ये याने १९३६ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखविले की थंडी, जखम, विष, अतिश्रम, काहीही असो, शरीराचा प्रतिसाद पुष्कळसा एकाच साच्याचा असतो, आणि ॲड्रिनल ग्रंथी त्यात पुढे असतात. मघा सांगितलेला पहारेकरी तो हाच. घटकाभर तो कामी येतो. महिनोन्महिने जागा ठेवला तर तो घरच्यांनाच मारू लागतो: झोप हलकी होते, स्मरणशक्ती मंदावते, रक्तातली साखर चढी राहते, पोटाभोवती चरबी साचते. काळजी पैशाची असली तरी तेच. तामिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांची २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली एक पाहणी आहे. तोडणीपूर्वी, हात रिकामा असताना, त्याच माणसांनी विचाराच्या परीक्षांत वाईट उत्तरे दिली. तोडणीनंतर पैसा हाती आल्यावर चांगली. अक्कल पिकाबरोबर येत-जात नाही. काळजी तिला अडवून धरते.

आणि झोप. सतरा तास सतत जागा असलेला माणूस, रक्तात शेकडा ०.०५ दारू असलेल्या माणसासारखे चुकत काम करतो, असे १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियात मोजून दाखविण्यात आले. दारू पिऊन कामावर आला तर तो बडतर्फ होतो. सतरा तास जागवून घेतले तर त्याला ओव्हरटाइम म्हणतात.

रातपाळीत भूक, ताण आणि झोप ही तिन्ही एकत्र येतात. शरीराचे घड्याळ रात्री यकृताला व स्वादुपिंडाला विश्रांती सांगते, आणि आपण पहाटे तीनला त्यांच्यापुढे वडापाव टाकतो. तेच अन्न सकाळी खाल्ले असता रक्तातली साखर जितकी चढते, त्याहून रात्री अधिक चढते. अमेरिकेत काही माणसांना प्रयोगशाळेत रातपाळीसारखे जागवून पाहिले. त्याचे निष्कर्ष २०२१ व २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. रात्रीही जेवणाऱ्यांची साखर बिघडली आणि मन खिन्न व धास्तावलेले झाले. जागरण तेवढेच, पण जेवण फक्त दिवसाच्या वेळी, अशांचे साखर व मन दोन्ही टिकले. माणसे थोडी होती, हे सांगितले पाहिजे. पण दिशा स्पष्ट आहे.

आपल्या जुन्या पुढाऱ्यांना हे शास्त्र ठाऊक नव्हते, पण गोष्ट ठाऊक होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे पाठविला. त्यात आठवड्याच्या सुट्टीबरोबर दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मागितली होती. साप्ताहिक सुट्टी १८९० मध्ये मिळाली. सलग पाच तासांहून अधिक काम नको, मध्ये निदान अर्धा तास विश्रांती हवी आणि अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे उपाहारगृह हवे, हे कायद्यात १९४८ साली लिहिले गेले. दरम्यान गिरणगावात कामगाराच्या मेंदूची काळजी घेतली ती खानावळवाल्या बायकांनी. गावाहून एकट्या आलेल्या माणसाला महिन्याच्या उधारीवर दोन वेळा डाळ, भाजी, भाकरी त्या घालीत. या बायांची संघटना, अन्नपूर्णा महिला मंडळ, प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये उभी केली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या तशा त्या खानावळींच्या पंगतीही विरळ झाल्या.

हल्ली एखाद्या कामगारावर उद्धटपणाचा आरोप आला की, चौकशीत आम्ही तीन प्रश्न आवर्जून विचारतो: तो शेवटचे केव्हा जेवला होता, कितवी सलग रात्रपाळी होती, आणि घडले ते किती वाजता. प्रत्येक गुन्हा भुकेचा असतो असे आमचे म्हणणे नाही. भरल्या पोटी शिवीगाळ करणारे साहेबही आम्ही पाहिले आहेत. पण या तीन उत्तरांची नोंद झाली की निवाडा लिहिणाऱ्याचा हात जरा थांबतो. एका कारखान्यात रातपाळीचे जेवण अडीचला मिळे. ते रात्री पाळी सुरू होण्यापूर्वी गरम मिळावे आणि अडीचला नुसते ताक व फुटाणे ठेवावे, अशी मागणी आम्ही केली. वेळ बदलण्याचे व्यवस्थापनाने कबूल केले आहे. ठेकेदाराच्या माणसांनाही त्याच पंगतीला बसवायचे की नाही, यावर मात्र बोलणी अडली आहेत.